एचडीसाठी छत्री बदलावी लागत नाही

घोडबंदर रोडपासून कोपरखैरण्यापर्यंत एक समज घट्ट बसलाय: डीटीएचवर एचडी घ्यायचं तर नवी, मोठी छत्री, म्हणजे डिश हवी. नको. डीटीएच कंपनी तीच असेल तर आग्नेयेकडे तोंड केलेली जुनी ६० सेंटिमीटरची डिश आणि एलएनबी (डिशसमोर दांड्यावर बसवलेला छोटा डबा) चालतात. एलएनबी उपग्रहाच्या लहरी फक्त खालच्या वारंवारतेवर आणून केबलमध्ये सोडतो. चित्र साधं, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, की एचडी, १९२० बाय १०८० चं, हे त्याला कळतही नाही.

बदलायचा तो सेट-टॉप बॉक्स. सोबत एचडी चॅनेलचा पॅक आणि एचडीएमआय केबल. बरेच जण इथेच फसतात: नवा बॉक्स जुन्याच पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडतात. पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. एचडीएमआय लावा, मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०आय करा.

साधे चॅनेल नीट, एचडी मात्र अडखळतात? एचडीच्या प्रक्षेपणाला बहुधा सिग्नल जरा जास्त स्वच्छ लागतो. डिश किंचित सरकलेली असते, नाहीतर पावसाचं पाणी एफ-कनेक्टरमध्ये (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडणीत) शिरून तांब्याची तार हिरवी पडलेली असते. कनेक्टर बदला, डिश जुळवून घ्या. नव्या छत्रीचे पैसे मागणाऱ्याला आधी मीटरवरची सिग्नल क्वालिटी दाखवायला सांगा.