नियम तुमचे, पॅकेज त्यांचं

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये सिक्युरिटी एजन्सी बदलते तेव्हा वॉचमन बदलतो, गणवेश बदलतो. पण कामवाली कुठल्या विंगमध्ये जाते, कुरिअरवाल्याला कुठपर्यंत सोडायचं, ही यादी सोसायटीच्या ऑफिसात असते. ती एजन्सीच्या वहीत असती, तर कंत्राट संपल्यावर वहीबरोबर तीही गेली असती. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारा; तिथे ही यादी म्हणजे कॉन्फिगरेशन फाइल, आणि एजन्सी म्हणजे कंपनीकडून येणारं सॉफ्टवेअर पॅकेज.

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या कारखान्याचं उदाहरण घ्या. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या फायरवॉलमध्ये मालकाने नियम घातलेत: अकाउंट्सचा सर्व्हर फक्त ऑफिसातूनच दिसावा, कॅमेरे घरूनही दिसावेत, बाकी सगळं बंद. अपडेट आला आणि त्याने ही फाइल कोऱ्या नमुन्याने पुसून टाकली, तर? सगळं बंद पडलं तर निदान लगेच फोन येतात. चुकून उघडं राहिलं, तर कुणाचाच फोन येत नाही.

म्हणून लिनक्समध्ये जागाच वेगळ्या ठेवतात. पॅकेजचा माल ‘यूएसआर’ फोल्डरखाली, त्या मशीनपुरत्या सेटिंग ‘ईटीसी’खाली. अपडेटने ‘यूएसआर’ खुशाल बदलावं, ‘ईटीसी’त मात्र विचारून हात घालावा. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात पॅकेज बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्राम हे कसं ठरवतो, ते पाहण्यासारखं आहे. मूळ फाइल बसवताना तो तिचा ठसा, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, नोंदवून ठेवतो. पुढच्या अपडेटला तीन ठसे ताडतो: जुन्या पॅकेजमधल्या फाइलचा, डिस्कवरच्या फाइलचा आणि नव्या पॅकेजमधल्या फाइलचा. तुम्ही हात लावला नसेल, तर नवी फाइल गुपचूप बसते. पॅकेजवाल्यांनी काही बदललं नसेल, तर तुमची तशीच राहते. दोघांनीही बदल केला असेल, तरच तो थांबून विचारतो.

रात्री आपोआप अपडेट होत असतील, तर उत्तर द्यायला समोर कुणी नसतं. डेबियन आणि त्यावरच बेतलेल्या उबुंटूची स्वयंचलित अपडेटची सोय अशा वेळी, वेगळं सांगितलं नसेल तर, ते पॅकेज बाजूला ठेवते. म्हणजे तुम्ही जिथे सर्वाधिक हात फिरवलाय, नेमकं तेच पॅकेज जुनं राहू शकतं. रेड हॅट या लिनक्सच्या दुसऱ्या घराण्यात रीत निराळी: पॅकेज बनवणाऱ्याने ‘ही फाइल बदलू नये’ अशी खूण केली असेल, तर तुमची फाइल जागेवर राहते आणि नवी फाइल ‘आरपीएमन्यू’ असं शेपूट लावून शेजारी येऊन बसते. तिच्याकडे वळून पाहणारे किती, देव जाणे.

पण दोन फोल्डर केले म्हणजे भागलं, हा गैरसमज आहे. फायरवॉलडी या लिनक्सवरच्या फायरवॉल प्रणालीत झोनच्या, म्हणजे नियमांच्या गटांच्या, मूळ फाइली ‘यूएसआर’मध्ये असतात. तुम्ही ‘पब्लिक’ झोनमध्ये एखादं पोर्ट, म्हणजे ये-जा करायचं दार, कायमचं उघडलंत, की त्या झोनची अख्खी फाइल ‘ईटीसी’त लिहिली जाते. तिथून पुढे मूळ फाइल वाचलीच जात नाही. उद्या त्या मूळ फाइलमध्ये चांगली दुरुस्ती झाली, तरी तुमच्या मशीनला तिचा पत्ता लागत नाही. एका ओळीसाठी पूर्ण प्रत काढण्याची ही किंमत आहे. माझ्या मते लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची ‘ड्रॉप-इन’ पद्धत जास्त शहाणी: मूळ फाइल जागच्या जागी, आणि आपला फरक तेवढा वेगळ्या छोट्या फाइलमध्ये.

पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरने आणखी वेगळी वाट धरली. 2004 मध्ये एम-झिरो-एन-झिरो-वॉल या प्रकल्पातून ते फुटून निघालं आणि तिथली एक सवय सोबत घेऊन आलं: सगळ्या सेटिंग एकाच एक्सएमएल फाइलमध्ये. बॅकअप घ्यायला याहून सोपं काय असणार! त्या फाइलवर आवृत्तीचा क्रमांक असतो. सॉफ्टवेअर पुढे गेलं, की ते जुनी फाइल पायरीपायरीने नव्या रूपात आणतं. ही वाट एकेरी आहे. नव्या आवृत्तीची फाइल जुन्या आवृत्तीवर चढवता येत नाही, त्यामुळे बॅकअप घ्यायचा तो अपडेटचं बटण दाबण्याआधी, आणि ठेवायचा त्या मशीनच्या बाहेर.