कॅबिनेटवरचं लाकूड आणि हवेतली ओल

कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या कॅबिनेटला लाकूड लावायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाकूड उष्णता अडवतं, मग आतले भाग तापणार नाहीत का? शंका रास्त आहे. पोलादातून उष्णता लाकडाच्या तीनशे पटींहून अधिक सहजतेने वाहते. कढईच्या दांड्याला लाकडी मूठ बसवतात ती याच कारणाने. त्यामुळे पत्र्याच्या जागी फळी आली की कॉम्प्युटरला घोंगडी पांघरल्यासारखं होईल, असं वाटणं साहजिक आहे.

पण थोडं गणित मांडून बघू. कॅबिनेटची एक बाजू साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद धरली, तर तिचं क्षेत्रफळ होतं ०.२ चौरस मीटर. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम आहे असं समजा. एवढ्या पत्र्यातून बाहेर पडणारी उष्णता जेमतेम १० वॅट भरते. पोलाद इतकं चांगलं वाहक असून हे का? कारण पत्र्याच्या दोन्ही अंगांना हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो आणि खरी अडवणूक तो थर करतो. उष्णतेला आधी आतला थर ओलांडावा लागतो, मग पत्रा, मग बाहेरचा थर. या तिघांत पत्र्याचा अडथळा नगण्य असतो. आता पत्रा काढून तिथे ६ मिलिमीटरची फळी लावली, तर १० वॅटचे साधारण ८ वॅट होतात. पत्र्यावर ०.६ मिलिमीटरचं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, नुसतं चिकटवलं, तर पडणारा फरक घरच्या थर्मामीटरवर दिसणारसुद्धा नाही.

भरपूर काम करणारा कॉम्प्युटर ३०० वॅट उष्णता टाकत असेल, तर ती जवळजवळ सगळी पंख्यांच्या वाऱ्याबरोबर बाहेर जाते. हवा १० अंशांनी तापवून ३०० वॅट बाहेर न्यायचे तर दर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा कॅबिनेटमधून वाहायला हवी, म्हणजे दर सेकंदाला एक मोठी बादली भरून. हा प्रवाह मोकळा आहे तोवर भिंत कशाची आहे याला फारसं महत्त्व नाही. सुंदर, अखंड लाकडी दर्शनी भाग लावून हवेची वाट बंद केली, तर मात्र आत खरोखर भट्टी होते. म्हणून समोरच्या बाजूला लाकूड हवं असेल तर ते पट्ट्यांच्या रूपात, मध्ये फटी ठेवून लावावं. फ्रॅक्टल डिझाइन या कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या ‘नॉर्थ’ कॅबिनेटच्या तोंडावर अक्रोड किंवा ओकच्या उभ्या पट्ट्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या फटींतूनच हवा आत ओढली जाते.

आग लागेल अशीही भीती अनेकांना वाटते. लाकडाचं विघटन होऊन त्यातून पेटणारे वायू सुटायला लागतात ते साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे. कॅबिनेटच्या मागून येणारा वारा ४०-५० अंशांच्या घरात असतो, आणि प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो.

म्हणजे उष्णतेची काळजी बरीचशी अनाठायी आहे. लाकडाला खरी छळते ती ओल, आणि तिच्याबद्दल आधी कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. एका जुन्या कॅबिनेटच्या बाजूला मी सागाची चांगली रुंद, एकसंध फळी लावली होती, चारही कोपऱ्यांत स्क्रू पक्के आवळून. दमट दिवसांत बसवलेली ती फळी कोरडी हवा सुरू झाल्यावर एका रात्री चक्क आवाज करून फुटली. चीर एका स्क्रूपाशी सुरू झाली होती आणि लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने वीतभर सरळ गेली होती. टोकाशी ती इतकी रुंद होती की पोस्टकार्ड आत सरकत होतं.

झाड तोडून, कापून, वाळवून, रंधून झालं तरी लाकूड हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण थांबवत नाही. त्याच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजच्या लांब साखळ्या असतात आणि पाण्याचे रेणू त्यांच्यामध्ये शिरून बसतात. हवेची सापेक्ष आर्द्रता (हवा जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे, ते प्रमाण) ८० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी असतं, ५० टक्के आर्द्रतेला ९ टक्के आणि ३० टक्क्यांना ६ टक्के. पाणी शिरलं की साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात, निघालं की जवळ येतात. साखळ्या बहुतांशी झाडाच्या उंचीच्या दिशेने लांबलेल्या असल्यामुळे फळी लांबीला जवळजवळ बदलत नाही, फुगते आणि आकसते ती रुंदीला. त्यातही वाढवलयांच्या (खोडात दरवर्षी पडणाऱ्या कड्यांच्या) कडेकडेने होणारं आकसणं वलयांना छेदून होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. फळीला बाक येतो तो या फरकामुळे.

साग या बाबतीत फार सभ्य लाकूड समजलं जातं. तरीही ४० सेंटिमीटर रुंदीच्या सागाच्या फळीतली ओल ४ टक्क्यांनी घटली, तर ती रुंदीला ३ मिलिमीटरच्या आसपास आकसू शकते. पत्र्याला पक्क्या आवळलेल्या फळीला हे ३ मिलिमीटर कुठून मिळणार? लाकूड रेषेला आडवं ताणलं की सहज फाटतं. माझी फळी तशीच फाटली.

कॅबिनेटच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. खोलीत २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे असं धरा. हीच हवा कॅबिनेटमध्ये शिरून ३५ अंशांपर्यंत तापली, की तिच्यातली वाफ तेवढीच राहते पण वाफ धरायची क्षमता वाढते, आणि सापेक्ष आर्द्रता ३४ टक्क्यांवर येते. म्हणजे फळीच्या बाहेरच्या अंगाला ६० टक्क्यांची हवा आणि आतल्या अंगाला ३४ टक्क्यांची. आतलं अंग वाळून आकसतं, बाहेरचं तसंच राहतं, आणि फळी आतल्या बाजूने वाटीसारखी खोलगट होते. कॉम्प्युटर बंद केला की हळूहळू उलटा प्रवास सुरू होतो. कपाटाच्या दाराला ऋतू बदलले की त्रास होतो. कॅबिनेटवरच्या लाकडाला तसला एक छोटा ऋतू रोज सोसावा लागतो.

यावर सुतारांनी शोधलेला उपाय प्लायवूडमध्ये आहे. पातळ पापुद्रे एकाआड एक काटकोनात चिकटवले की प्रत्येक पापुद्र्याची न हलणारी दिशा शेजारच्या पापुद्र्याच्या हलणाऱ्या दिशेला जखडून ठेवते. ४-६ मिलिमीटरचा चांगला प्लाय आणि वर आवडीचं विनिअर ही जोडी मला एकसंध फळीपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते. फक्त विनिअर दोन्ही अंगांना लावावं. आतलं कुणाला दिसणार नसतं म्हणून तिथे साधं, स्वस्त विनिअर चालेल, पण एकाच बाजूला लावलं तर प्लायलाही बाक येतो.

थेट पत्र्यावर विनिअर लावायचं असेल तर सुतारकामाचा पांढरा गोंद कामाचा नाही. तो सुकायला त्यातलं पाणी लाकडात मुरावं लागतं, आणि पत्र्यात काहीच मुरत नाही. उलट ते पाणी विनिअर फुगवतं. इथे रबरासारखं लवचिक राहणारं कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह लागतं, म्हणजे लाकडाची थोडीशी हालचाल तो थर पोटात घेतो. पत्र्यावरचा गुळगुळीत रंग आधी पॉलिश पेपरने खरवडून खरखरीत करायचा. आणि एकसंध फळीचाच हट्ट असेल तर स्क्रूची भोकं गोल न ठेवता रुंदीच्या दिशेने लांबट करायची. स्क्रूला सरकायला जागा मिळाली की फळी फुटत नाही.

लाकूड आणि कॉम्प्युटर यांची ओळख तशी जुनी आहे. अमेरिकन संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ मध्ये बनलेला पहिला माउस लाकडी ठोकळा कोरून केलेला होता. १९७६ चा अ‍ॅपल-१ कॉम्प्युटर नुसता सर्किट बोर्ड म्हणून विकला जाई, म्हणून काही मालकांनी त्याला लाकडी पेट्या केल्या. त्याच सुमाराच्या सोल-२० या कॉम्प्युटरच्या दोन्ही बाजू अक्रोडाच्या होत्या. १९७७ च्या अटारी खेळयंत्राच्या तोंडावरचं ‘लाकूड’ मात्र लाकूड नव्हतंच, ती लाकडासारखी दिसणारी नक्कल होती. नक्कल करावीशी वाटली, यातच लोकांना यंत्रावर काय हवं होतं ते कळतं.

त्या ओढीमागेही भौतिकशास्त्र आहे. खोलीत पत्रा आणि लाकूड दोन्ही २० अंशांवरच असतात. ३३ अंशांचा तळहात पत्र्यावर टेकला की पत्रा उष्णता झपाट्याने ओढून घेतो आणि स्पर्शाच्या जागेचं तापमान २१ अंशांच्या आसपास उतरतं. लाकडावर तेच ३० च्या जवळ राहतं. लाकूड ‘उबदार’ लागतं ते यामुळे.

दिसण्याची गोष्ट तर आणखी सुंदर आहे. घासून ठेवलेल्या विनिअरवर तेलाचा एक थेंब टाकून बघा. फिकट, पिठूळ पृष्ठभागात एकदम खोल तपकिरी डबकं उघडतं. कोरड्या लाकडात असंख्य पोकळ्या हवेने भरलेल्या असतात, आणि पेशीभिंत व हवा यांच्या अपवर्तनांकात (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणाऱ्या आकड्यात) मोठी तफावत असल्याने प्रकाश वरच्यावर विखरून परत येतो. तेलाचा अपवर्तनांक पेशीभिंतीच्या जवळचा, दीडच्या आसपास असतो. ते पोकळ्यांत भरलं की विखुरणं कमी होतं, प्रकाश आतपर्यंत जातो आणि रंग घेऊन परत येतो. आता दिवा हलवा. एक झळाळी पाण्यासारखी फळीवरून सरकते, गडद पट्टे उजळतात आणि उजळ पट्टे गडद होतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये ही झळाळी मोजून दाखवलं, की ती पॉलिशच्या खाली असलेल्या तंतूंवरून येते आणि तंतू कुठे कसे झुकलेत त्यावर तिची दिशा ठरते. छापील नक्कलीत तंतू नसतात, त्यामुळे दिवा हलवला तरी तिची चमक अशी सरकत नाही.

रंग खुलवण्यात तेलाला तोड नाही, पण ओल रोखण्यात ते अगदी दुबळं आहे. वाफ तेलाच्या थरातून जवळजवळ बिनबोभाट जाते. लाखेचं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, वाफेला कितीतरी चांगलं थोपवतं. सगळी वाफ कोणतंच पॉलिश अडवत नाही, पण रोजचा तो छोटा ऋतू लाकडापर्यंत पोचायला उशीर झाला तरी खूप मिळवलं. म्हणून मी आतल्या अंगालाही बाहेरच्याइतकेच हात देतो आणि कडांना एक जास्त, कारण उघड्या कडांवर पेशींची तोंडं असतात आणि तिथून ओल सर्वांत वेगाने आत-बाहेर करते.

तेल वापरलंत तर चिंध्यांकडे फार लक्ष द्या. जवसाचं तेल सुकतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, आणि त्यात उष्णता निर्माण होते. फळीवर ती उडून जाते, पण चुरगळून टाकलेल्या बोळ्यात साठत जाते आणि काही तासांत बोळा आपोआप पेटू शकतो. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामध्ये वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत अशीच आग लागली. २२ व्या मजल्यावर भिंतींच्या लाकडी पॅनेलांना उजाळा देण्याचं काम चालू होतं आणि तेलात भिजलेल्या चिंध्या तिथे पडून होत्या. तीन अग्निशामक जवान त्या आगीत गेले. चिंध्या उलगडून, उघड्यावर सुट्या पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

पत्र्याचा सांगाडा सहसा काढू नये. आतल्या वेगवान सर्किटमधून निघणाऱ्या रेडिओलहरी तो अडवतो आणि त्याला अर्थिंगही जोडलेलं असतं. लाकडाला यातलं काहीच जमत नाही. कापायला, घासायला बसण्याआधी आतले सगळे भाग काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. लाकडाचा भुसा पंखे आणि उष्णता टाकणाऱ्या पात्यांमध्ये अडकतो, आणि भोक पाडताना उडणारा पत्र्याचा कीस बोर्डावर पडला तर शॉर्टसर्किट होतं. तोंडाला मास्क लावाच, कारण लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत १९९५ पासून आहे.

बसवण्याची घाई मात्र करू नका. आणलेलं लाकूड, मग ती फळी असो की प्लाय, ज्या खोलीत कॉम्प्युटर असतो तिथेच दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं उभं करून ठेवा आणि रोज काट्यावर वजन करा. ५०० ग्रॅमच्या तुकड्यातली ओल १२ वरून ९ टक्क्यांवर आली तर वजन साधारण १३ ग्रॅमने घटतं, घरच्या काट्यालाही सहज कळेल इतकं. आकडा सलग चार-पाच दिवस एकाच जागी थांबला, की कापायला घ्या.