रात्री अकराचं कॅफीन, सकाळी नऊला

जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी सांगितलं होतं की शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनवाली एनर्जी ड्रिंक्स विकायला बंदी आणणार. बातमी वाचून बरं वाटलं, पण लगेच डोक्यात आलं की शाळेतल्या पोरांचं ठीक आहे, कॉलेजच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांचं काय? ती तर नुसत्या कॅनवर थांबतच नाहीत, चहा, कॉफी, कॅन असं सगळं एकाच दिवसात चालू असतं.

हे मी घरातलं बघून सांगतेय. माझा भाचा पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. एका रात्री साडेबाराला त्याचा फोन, "मावशी, छातीत खूप धडधडतंय, हात थरथरतायत, मला काहीतरी होतंय गं." रूममेट त्याला दवाखान्यात घेऊन गेले, ईसीजी नॉर्मल आला, टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवलं. इकडे आमच्या आईने नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या काढून ठेवल्या. मी आईशी वाद घातला नाही पण हे मला मनापासून खटकतं, कारण नजर काढली की सगळ्यांचं समाधान होतं आणि मग खरं कारण कोणी शोधत नाही. मी दुसऱ्या दिवशी त्याला एकच विचारलं, काल सकाळपासून काय काय प्यायलास ते आठवून सांग.

यादी अशी निघाली: पाच चहा, दोन इन्स्टंट कॉफी आणि २५० मिलीचा एक कॅन. शेवटची कॉफी आणि कॅन दोन्ही रात्री अकराला, पाठोपाठ. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत १५० मिली कपाचे आकडे दिलेत, चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि फिल्टर कॉफीसारख्या ब्रू केलेल्या कॉफीत ८० ते १२०. एनर्जी ड्रिंकला आपल्याकडे लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत. चहाचे ४० आणि कॉफीचे ६० धरले तरी त्याची बेरीज ३९५ होते आणि आयसीएमआर म्हणते दिवसाला ३०० च्या वर जाऊ नका. त्याला हे खरंच वाटेना, कारण चहा त्याने मोजलाच नव्हता. आपल्याकडे चहा कोणीच मोजत नाही, पाहुणा आला की चहा, अभ्यास संपला की चहा, कंटाळा आला की चहा.

आता कॅफीन करतं काय, हा माझा सगळ्यात आवडता भाग. कॅफीनमुळे एनर्जी मिळते असं सगळे म्हणतात, कॅनवरही तसंच लिहिलेलं असतं, पण कॅफीन स्वतः शरीराला ऊर्जा देत नाही. शाळेत आपण एटीपी शिकलो, पेशीचं ऊर्जेचं चलन. एटीपी म्हणजे ॲडेनोसिन नावाचा रेणू आणि त्याला जोडलेले तीन फॉस्फेट. मेंदू दिवसभर काम करतो, एटीपी मोडत राहतो आणि पेशींच्या बाहेर मोकळं ॲडेनोसिन साठत जातं. जितका वेळ जागे तितकं ते जास्त. मेंदूच्या पेशींवर त्याला बसायच्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. तिथे ॲडेनोसिन बसलं की पेशी मंदावते, आपल्याला जांभई येते, डोळे जड होतात. म्हणजे झोप येणं हा आळस नाहीये, दिवसभराच्या कामाचा तो हिशोब आहे.

कॅफीनच्या रेणूची ठेवण ॲडेनोसिनच्या एका भागासारखी असते, तशीच दोन जोडलेली कडी, फक्त साखरेचा भाग नाही आणि तीन मिथाइल गट लागलेले. त्यामुळे ते त्या जागेवर बसू शकतं पण पेशीला मंद करत नाही. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं. रुमाल बसत नाही, पण दुसऱ्यालाही बसू देत नाही. ॲडेनोसिनचे प्रवासी मधल्या वाटेत उभे राहतात, आणि मुख्य म्हणजे गाडीत प्रवासी चढायचे थांबत नाहीत, तुम्ही जागे आहात तोवर ते वाढतच जातात. कॅफीन उतरायला लागलं, म्हणजे रुमाल उचलले गेले, की उभी असलेली सगळी गर्दी धपाधप बसते आणि तुम्ही पुस्तकावरच डोकं टेकता.

या जागा मुख्यतः दोन प्रकारच्या, ए-वन आणि ए-टू-ए. ए-वन मेंदूत जवळपास सगळीकडे, त्या पेशींचा आवाज कमी करतात. ए-टू-ए जास्त करून मेंदूतल्या स्ट्रायटम या भागात, तिथे त्या डोपामिनच्या, म्हणजे हुरूप देणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या, डी-टू रिसेप्टरला चिकटून असतात आणि त्याचा जोर कमी करतात, त्यामुळे कॅफीनने ए-टू-ए अडवलं की डोपामिनचं काम जोरात चालतं आणि तरतरी येते, मूड सुधारतो. ए-टू-ए च्या जीनमध्ये माणसामाणसांत थोडा फरक असतो, आणि काही जणांना १५० मिलिग्रॅमलाच अस्वस्थ वाटतं ते या फरकाशी जोडलेलं आढळलंय. म्हणून रूममेट चार कॉफ्या पिऊन घोरतो आणि तुम्ही एकीवर छताकडे बघत राहता, यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. शिवाय यकृतातलं सीवायपी-वन-ए-टू हे एन्झाइम कॅफीन मोडतं, त्याचाही वेग प्रत्येकाचा वेगळा. सिगरेट ओढणाऱ्यात ते जोरात चालतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींमध्ये खूप हळू.

साधारण पाच तासांत कॅफीन निम्मं होतं असं धरा. भाच्याने रात्री अकराला कॉफीचे ६० आणि कॅनचे ७५ असे १३५ मिलिग्रॅम घेतले. पहाटे चारला त्यातले ६७ शिल्लक, सकाळी नऊला ३४. म्हणजे सकाळचा पहिला चहा तोंडाला लावायच्या आधीच एका चहाइतकं कॅफीन रक्तात फिरतंय, आणि दिवसभराचं उरलेलं मी यात धरलेलंच नाही. २०१३ च्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं तरी झोप तासापेक्षा जास्त कमी झाली होती. गाढ झोप कमी होते ते वेगळंच, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं होण्यात तिचा मोठा वाटा असतो.

आता मनाचं. कॅफीनने ॲड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, तळवे घामेजतात. भीतीतही शरीरात हेच होतं. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेल्या पोराच्या छातीत रात्री धडधडायला लागलं तर त्याचा मेंदू कॉफीचा विचार करत नाही, त्याला वाटतं आपलं काही खरं नाही, आणि त्या विचाराने धडधड आणखी वाढते. मग झोप नाही, दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही, म्हणून पुन्हा कॉफी. ज्यांना आधीपासून पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक तीव्र घबराटीचे झटके येण्याचा आजार, आहे अशांना प्रयोगात साधारण पाच कप कॉफीएवढं कॅफीन दिल्यावर निम्म्या लोकांना पॅनिक अटॅक आला, नुसतं प्लासिबो, म्हणजे कॅफीन नसलेला खोटा डोस, दिलेल्यांत कोणालाच नाही. पण याचा अर्थ कॅफीनने मानसिक आजार होतो असा कोणी काढू नये. अमेरिकेत ५०,००० हून जास्त नर्सेसच्या २०११ च्या अभ्यासात जास्त कॉफी पिणाऱ्यांत नैराश्य उलट कमी दिसलं होतं. आणि विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत चिंता आणि कॉफी सोबत दिसतात तेव्हा कॉफीमुळे चिंता की चिंतेमुळे कॉफी हे नुसत्या पाहणीतून कळत नाही.

हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नका, निदान परीक्षेच्या आठवड्यात तरी नको. रोज कॅफीन मिळालं की मेंदू रिसेप्टर वाढवतो, गाडीत जादा सीट बसवल्यासारखं, आणि कॅफीन अचानक थांबलं की सगळ्या सीट ॲडेनोसिनला मोकळ्या. मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि पूर्ण जायला नऊ दिवसही लागू शकतात. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा, आणि सुरुवात रात्रीच्या कपापासून करा. धडधड, घबराट त्यानंतरही राहिली तर डॉक्टरांना दाखवा, यादी सोबत न्या. रात्री-अपरात्री कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

भाच्याने आधी कॅन सोडला, मग रात्रीची कॉफी. मधे दोन दिवस त्याचं डोकं दुखलं, फोनवर माझ्यावर चिडलाही. आता संध्याकाळी चारचा चहा शेवटचा. अभ्यासिकेखाली अकराला सायकलवर थर्मासवाला येतो, बाकीची पोरं खाली उतरतात तेव्हा हाही उतरतो, गप्पा मारतो, पारले-जीचा पुडा घेतो आणि साडेअकराला दिवा मालवतो.