पाण्यावर रचलेले चुंबकीय थर

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-१ आणि इंडस-२ ही इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र किरण निर्माण करणारी यंत्रे येथील मराठी मंडळींना निदान नावाने तरी परिचित असतात. तेथील क्ष-किरणांचा एक उपयोग अतिशय पातळ थरांची जाडी मोजण्यासाठी होतो. त्यांतला एकरेणू जाडीचा थर तयार करायला मात्र टेफ्लॉनची उथळ द्रोणी, अतिशुद्ध पाणी आणि पृष्ठभागावरून सरकणारी एक पट्टी पुरते. जर्मनीत ॲग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात असेच प्रयोग केले होते आणि त्यांविषयीचे त्यांचे पत्र भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या शिफारशीमुळे १८९१ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापले गेले. पुढे अर्व्हिंग लँगम्यूर आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी या पद्धतीला शास्त्रीय शिस्त लावली.

स्टिअरिक आम्ल या मेदाम्लाच्या लांबट रेणूचे डोके पाण्याला धरून राहते, तर शेपूट पाण्यापासून दूर पळते. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेल्या या आम्लाचे थेंब पाण्यावर सोडले, की क्लोरोफॉर्म उडून जातो; मग पट्टी सरकवत गेल्यावर रेणू दाटीने उभे राहतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ०.२ चौरस नॅनोमीटर जागा येते. या थरातून काच सावकाश खालीवर केली, तर खाली जाताना आणि वर येताना प्रत्येक वेळी सुमारे अडीच नॅनोमीटर जाडीचा एकेक थर तिच्यावर चढतो.

पाण्यात मँगनीज क्लोराइड असेल, तर आम्लाच्या डोक्यांना मँगनीजचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, चिकटतात आणि काचेवर त्यांची प्रतले तयार होतात. दोन प्रतलांमध्ये शेपटांचा जाड पडदा असल्यामुळे चुंबकत्व जवळजवळ एकाच सपाट प्रतलात कोंडले जाते. सर्व दिशा सारख्या असलेल्या अशा द्विमितीय प्रतलात निरपेक्ष शून्याहून अधिक तापमानाला चुंबकीय शिस्त, म्हणजे अणूंच्या चुंबकत्वाची ठरावीक मांडणी, टिकत नाही, असे १९६६ मधील एक प्रमेय सांगते; प्रत्यक्ष पदार्थात मात्र एखादी दिशा थोडी सोयीची ठरते आणि तेवढ्यावर शिस्तीला वाव मिळतो. मला या विषयाचे खरे आकर्षण येथेच वाटते. बारा मँगनीज अणूंच्या संयुगाचा एकेक रेणू तर स्वतःच चुंबकासारखा वागतो, पण त्यासाठी द्रव हेलियमइतकी थंडी लागते.

प्रकाशाचे गणित निराळे आहे. लेसरच्या लाल किरणातून दुप्पट वारंवारितेचा किरण मिळवायचा, तर थरात सममिती नको. काचेवरील थर मात्र डोक्याला डोके, शेपटाला शेपूट असेच बसतात आणि शेजारचे थर एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. म्हणून दोन वेगळ्या संयुगांचे थर आळीपाळीने चढवावे लागतात. लांब शेपटे जोडलेली रुथेनियमची संयुगे, किंवा लाल प्रकाश देणारी युरोपियमची संयुगे, यांचेही थर याच पद्धतीने घडवता येतात.

क्ष-किरणांचे परावर्तन तपासले, की धातूंच्या प्रतलांमधील अंतर अचूक कळते. थराच्या आडव्या दिशेत रेणू किती नीट बसले आहेत, याविषयी मात्र ते परावर्तन फारसे काही सांगत नाही. म्हणूनच जाडीच्या सुबक आलेखावरून थर निर्दोष असल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.