स्वदेशी माल ओळखायचा कसा? एक जुना पेच

स्वदेशी वापरा असं सांगणारे आपल्याकडे कधीच कमी नव्हते. गाडी अडायची ती पुढे. देशी माल मिळतो कुठे आणि समोरचा माल देशीच आहे हे कळायचं कसं? स्वदेशीचा इतिहास सहसा शपथांचा आणि होळ्यांचा म्हणून सांगितला जातो. दुकानाच्या फळीवरून पाहिलं तर तो बराच गुंतागुंतीचा निघतो.

लोकहितवादींनी 1848 नंतर ‘प्रभाकर’ साप्ताहिकातल्या पत्रांतून विलायती मालाविरुद्ध लिहिलं होतं. तो विचार बाजारात उतरवला पुण्याच्या गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काकांनी. 1872 मध्ये त्यांनी खादीचं व्रत घेतलं आणि 1877 च्या दिल्ली दरबाराला ते त्याच पोशाखात गेले, हे अनेकांना माहीत असतं. त्यांचं दुसरं काम मात्र विस्मरणात गेलं. देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढून त्यांनी साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा वस्तू इथेच बनाव्यात म्हणून खटपट केली आणि त्या विकण्यासाठी पुणे, सातारा, नागपूर, मुंबई अशा ठिकाणी सहकारी तत्त्वावर दुकानं काढली. नुसत्या उपदेशाने गिऱ्हाईक वळत नाही, त्याच्या हाती वस्तू पडावी लागते, हे काकांना पुरतं उमगलं होतं.

कापडात तर आणखी घोळ होता. हातमागावरचं लुगडं देशी म्हणून घ्यावं, तर त्यातलं सूत अनेकदा इंग्लंडमधल्या लँकेशायरचं असे. मुंबईच्या गिरणीचं कापड घ्यावं, तर यंत्रं इंग्लंडहून आलेली. मग देशी म्हणायचं तरी कोणत्या कापडाला? जमशेटजी टाटांनी 1886 मध्ये कुर्ल्याच्या गिरणीला ‘स्वदेशी’ हेच नाव देऊन आपल्यापुरतं उत्तर दिलं. सरकारने 1896 मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. मँचेस्टरच्या कापडगिरण्यांना स्पर्धा नको, एवढंच त्यामागचं कारण. हा कर 1925 च्या अखेरपर्यंत टिकला.

मालावर देशाचं नाव छापण्याची सक्ती आली ती ब्रिटिशांमुळेच. स्वस्त जर्मन माल इंग्रजी नावाने खपतो या तक्रारीवरून ब्रिटनने 1887 मध्ये व्यापारचिन्हांचा कायदा केला. त्याच धर्तीवर 1889 मध्ये हिंदुस्थानातही कायदा आला. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरं त्यातूनच सर्वत्र दिसू लागली. इंग्रज कारखानदारांच्या सोयीसाठी आणलेली ही छापाची रीत पुढे बहिष्कार घालणाऱ्यांच्याही उपयोगी पडावी, हा योगायोग मोठा गमतीचा.

1905 च्या वंगभंगानंतर मागणी एकदम उसळली. ऑक्टोबरमध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. पण जाळलेल्या कपड्यांच्या जागी घ्यायचं काय? या लाटेत टिळक, जमशेटजींचे पुत्र रतन टाटा आदींच्या पुढाकाराने मुंबईत स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स उभं राहिलं. तेच पुढे बॉम्बे स्टोअर. एका छताखाली फक्त देशी माल असल्याने निवडण्याची डोकेदुखी दुकानानेच उचलली. लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. किर्लोस्करांचे नांगर, ओगल्यांचे ‘प्रभाकर’ कंदील आणि गोदरेजचा वनस्पती तेलाचा साबण हे त्यानंतरच्या काही वर्षांत घराघरांत पोचले.

खादीला मागणी आली तशी नकली खादीही आली. गिरण्या जाडंभरडं कापड काढून ते खादी म्हणून विकू लागल्या. 1925 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाने ‘प्रमाणित खादी’ची पद्धत आणली ती यासाठीच. 1934 मध्ये खद्दर नाव संरक्षण कायदा झाला आणि हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या देशी कापडालाच खादी म्हणता येईल असं ठरलं. ज्या खादीपायी इंग्रज सरकार लोकांना तुरुंगात टाकत होतं, तिच्या नावाला संरक्षण देणारा कायदाही त्याच राजवटीतला! आजचं ‘खादी मार्क’ 2013 च्या नियमांतून आलेलं आहे.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे बहुतेक वस्तू देशीच असत आणि हा प्रश्न कुणाला फारसा पडला नाही. 1991 नंतर बाजार खुला झाला, तसा तो परत आला. आता पाकीटबंद मालावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि आयात मालावर मूळ देशही. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर 2020 पासून विक्रेत्याला मूळ देश नोंदवणं सक्तीचं आहे. बारकोड 890 ने सुरू झाला की माल भारतीय, हा समज मात्र चुकीचा आहे. तो आकडा एवढंच सांगतो की कंपनीने बारकोड जीएस1 इंडिया या संस्थेकडून घेतला आहे. माल कुठे बनला याच्याशी त्याचा संबंध नाही. खरी माहिती पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत असते. तिथे ‘उत्पादक’ लिहिलंय की नुसतं ‘पॅकर’, हे वाचावं लागतं, कारण बाहेरून पोत्यात आलेला माल इथे पुड्या बांधूनही विकता येतो.