‘बाहेरचं’ बघून झाल्यावर : मानसोपचारातील अध्यात्माची पार्श्वभूमी

कोल्हापुरात मानसोपचारतज्ज्ञाकडे प्रथमच आलेल्या रुग्णाच्या मनगटावर बरेचदा काळा दोरा असतो आणि सोबतच्या आईच्या पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी. ‘बाहेरचं बघून झालंय’ हे मात्र ती विचारल्याखेरीज सहसा सांगत नाही, कारण डॉक्टर रागावतील अशी तिची समजूत असते. ही समजूत अगदीच निराधार नाही आणि तिची निम्मी मुळे युरोपात आहेत.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०७ मध्ये धार्मिक विधी आणि पुनःपुन्हा हात धुण्यासारख्या सक्तीच्या कृती यांतील साम्य दाखवले व १९२७ मध्ये धर्माला थेट भ्रम ठरवले. (अशा सक्तीच्या कृतींच्या विकाराला आपल्या भाषेने ‘मंत्रचळ’ म्हणावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.) अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्येच धार्मिक अनुभवांचा सहानुभूतीने अभ्यास केला होता, पण उपचाराच्या खोलीत पुढे वजन राहिले ते फ्रॉइड यांच्या मताला. त्यांच्यापासून दुरावलेल्या कार्ल युंग यांनी एका अमेरिकी मद्यपी रुग्णाला, वैद्यकाचे उपाय संपले असून आता एखादा आध्यात्मिक अनुभवच तारू शकेल, असे सांगितले होते. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या संघटनेच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांमागे जी प्रेरणा होती, तिचा एक धागा या संभाषणापर्यंत जातो.

खरी जुगलबंदी झाली १९८० मध्ये, दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांत. अॅलन बर्गिन यांनी मानसोपचारात धार्मिक मूल्यांना स्थान हवे असे लिहिले, तर अल्बर्ट एलिस यांनी कट्टर धार्मिकता हीच भावनिक अस्वास्थ्याच्या जवळची आहे असे उत्तर दिले. महाराष्ट्रात एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती (अविवेकी समजुती तपासून बदलण्याची उपचारपद्धती) चांगली रुजली असल्याने त्यांचा पुढचा प्रवासही ठाऊक असायला हवा : २००१ मध्ये त्यांनीच श्रद्धाळू रुग्णांसाठी ही पद्धती कशी वापरावी याविषयीच्या ग्रंथाचे सहलेखन केले. तत्पूर्वी, १९९४ मध्ये, अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीने ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ ही नोंद विकार म्हणून नव्हे, तर उपचारात लक्ष देण्याजोगी बाब म्हणून स्वीकारली.

आपल्याकडे प्रश्नाचे रूपच वेगळे होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धती प्रत्यक्ष रुग्णांवर वापरून पाहिली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ मध्ये उपचारक आणि रुग्ण यांच्यासाठी गुरु-शिष्य नात्याचा नमुना पुढे ठेवला. पाश्चात्त्य उपचारक सल्ला देण्याचे टाळतो, तर भारतीय रुग्ण समोरच्याने वडीलकीने वाट दाखवावी अशी अपेक्षा बाळगून येतो, हे त्यांनी नेमके हेरले. माझ्या मते नेकी यांचे हे निरीक्षण ध्यानधारणेच्या आजच्या सगळ्या लाटेपेक्षा अधिक उपयोगाचे आहे, कारण त्यात अध्यात्म हे तंत्र म्हणून नव्हे, तर नाते म्हणून येते.

या नात्याची दुसरी बाजू भयंकर आहे. मनोरुग्णांना बरे वाटावे म्हणून जिथल्या दर्ग्यात आणले जाते, त्या तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मरण पावले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरवले. वारी, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांना मात्र त्याने हात लावला नाही. रेघ श्रद्धेवर नव्हे, इजेवर आणि फसवणुकीवर ओढली गेली.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीला ‘बाधा’ घालवण्यासाठी माणसे आजही येतात, पादुकांसमोर बसतात, प्रदक्षिणा घालतात, आणि त्यांतली काही नंतर कोल्हापुरातल्या दवाखान्याची पायरीही चढतात. तिथे जाणता उपचारक दोरा काढायला सांगत नाही. वाडीला मुक्काम किती दिवस होता, तिथे झोप कशी लागली, बरे नेमके कशाने वाटले, हे तो आस्थेने विचारतो आणि मग सहज विचारल्यासारखे विचारतो : त्या दिवसांत गोळ्या चालू होत्या ना?