अमेरिकेत कामाच्या ठिकाणी युनियन हवी असेल तर: निवडणुकीचा अर्ज कोणी आणि कसा करायचा

महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याखाली ३० टक्के कामगार सभासद असल्याचं औद्योगिक न्यायालयात दाखवलं की युनियनला मान्यता मागता येते. अमेरिकेतही आकडा ३० टक्क्यांचाच आहे, पण तिथे तेवढ्याने मान्यता मिळत नाही. फक्त युनियन हवी की नको यावर गुप्त मतदान पदरात पडतं. गल्लत होते ती इथेच.

अर्ज कोणाला करता येतो

१९३५ चा राष्ट्रीय श्रमसंबंध कायदा खासगी क्षेत्रापुरता आहे. सरकारी कर्मचारी, शेतमजूर, घरकामगार आणि स्वतंत्र कंत्राटदार त्यात येत नाहीत. रेल्वे आणि विमान कंपन्यांना वेगळा कायदा आहे. (शेतमजूर आणि घरकामगार वगळल्यामुळे दक्षिणेतले कृष्णवर्णीय मजूर मोठ्या संख्येने आपोआप बाहेर राहिले, हे विसरू नये.)

१९४७ च्या दुरुस्तीने सुपरवायझरही बाहेर गेले. मात्र गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘टीम लीड’ लिहिलंय म्हणून कोणी सुपरवायझर ठरत नाही. माणसं नेमणं, काढणं, शिक्षा करणं, स्वतःच्या निर्णयाने कामं वाटणं असे अधिकार खरोखर हातात आहेत का, हे पाहिलं जातं. एच-वन-बी व्हिसावर असलात तरी साधा कर्मचारी म्हणून हे हक्क तुम्हाला आहेत.

कागदपत्रं

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्ड. पोस्टकार्डाएवढा कागद: नाव, कंपनी, सही, तारीख आणि ‘मालकाशी वाटाघाटी करायला अमुक युनियनने माझं प्रतिनिधित्व करावं’ असं एक वाक्य. सही केली आणि तारखेची जागा कोरी सोडली, तर ते कार्ड मोजणीत टिकणार नाही. दुसऱ्याने नंतर तारीख भरणं तर नकोच. इलेक्ट्रॉनिक सहीही चालते.

३० टक्के कामगारांची कार्डं जमली की लगेच धावू नका. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या अ‍ॅमेझॉन वेअरहाउसमधल्या कामगारांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्ज केला आणि सह्या कमी पडल्यामुळे नोव्हेंबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. वेअरहाउसमध्ये माणसं भराभर नोकरी सोडतात. गेलेल्याची सही उपयोगाची नाही. माझ्या मते ६० टक्क्यांच्या खाली असाल तर थांबलेलं बरं, कारण पुढे मालकाची बाजू ऐकून काही सह्या करणारेही फिरतात.

अर्जाचा नमुना एनएलआरबी-५०२ (आरसी). एनएलआरबी म्हणजे राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळ, या निवडणुका घेणारी केंद्र सरकारची संस्था. अर्ज तिच्या तुमच्या भागातल्या प्रादेशिक कार्यालयात, ऑनलाइनही, भरता येतो. फी नाही. युनियन किंवा कामगार स्वतः, कोणीही करू शकतं. कोणत्या कामाचे किती लोक मतदार असावेत, ते त्यात नेमकं लिहावं लागतं. अर्जाची प्रत मालकाला द्यायची असते, कार्डं मात्र नाही. ती मंडळाकडेच राहतात, त्यामुळे कोणी सही केली हे मालकाला मंडळाकडून कळत नाही.

पुढे काय होतं

मतदार कोण यावर दोन्ही बाजूंचं जमलं नाही तर सुनावणी होते. मग गुप्त मतदान. झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त हवीत, बरोबरी झाली तर युनियन हरली. वैध निवडणूक झाल्यावर त्याच गटात १२ महिने दुसरी घेता येत नाही.

जिंकलात तरी हातात येतो तो वाटाघाटीचा हक्क, करार नव्हे. त्याच स्टेटन आयलंडवर दुसऱ्या अर्जानंतर २०२२ मध्ये २,६५४ विरुद्ध २,१३१ मतांनी युनियन जिंकली. कंपनीने निकालाला आव्हान दिलं आणि तीन वर्षं उलटली तरी करार झालेला नव्हता.

वॉशिंग्टनमधल्या राजकारणाची झळही इथवर पोहोचते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी मंडळाच्या सदस्य ग्विन विल्कॉक्स यांना काढलं आणि मंडळाची गणपूर्ती गेली. वॉशिंग्टनमधल्या मंडळाचे निकाल अडले, पण प्रादेशिक कार्यालयं निवडणुका घेतच होती.

त्रास दिला तर

सुट्टीच्या वेळी ब्रेकरूममध्ये युनियनबद्दल बोलणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी कामावरून काढलं, शिफ्ट बदलली, धमकी दिली तर एनएलआरबी-५०१ नमुन्यात तक्रार करा. तीही मोफत आहे आणि त्यासाठी वकील लागत नाही. मुदत घटनेपासून सहा महिने. म्हणून साहेब काय बोलला, कधी, समोर कोण होतं, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवा, आणि तेही कंपनीच्या लॅपटॉपवर नको.